चतकोर भाकरी ते चपातीची गुंडाळी : हातात धरून खायच्या न्याहारीची पार्श्वभूमी

सातारा-सांगली भागातल्या अनेक घरांत हल्ली सुटीच्या सकाळी स्वयंपाकाच्या ओट्यावर घडीच्या गरम चपात्यांची चळत असते आणि तिच्या शेजारी शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी, अंड्याची पोळी, किसलेला गूळ आणि तूप अशा वाट्या मांडलेल्या असतात. घरातले प्रत्येक जण त्यातून आपापली गुंडाळी करून घेते आणि उभ्या उभ्या, गप्पा मारत, ताटावाचून खाते. मुले तिला रोल म्हणतात, घरातली मोठी माणसे पुंगळी किंवा सुरळी म्हणतात, आणि हा प्रकार पुण्या-मुंबईच्या गाड्यांवरून इकडे आला अशी बहुतेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. हातात धरून न्याहारी करण्याची रीत कृष्णाकाठाला फार जुनी आहे; तिच्यात गहू पुष्कळ उशिरा आला आणि सकाळची घाई त्याच्याही नंतर.

गव्हाआधी या भागाचे रोजचे अन्न भाकरी हेच होते. कृष्णेच्या काळ्या जमिनीत शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात ज्वारी आणि बाजरी, तर पाटण-जावळीच्या डोंगरात नाचणी, असा साधारण पसारा होता. न्याहारीसाठी वेगळे काही शिजवण्याची पद्धत नव्हती. रात्रीची उरलेली किंवा पहाटे थापलेली भाकरी फडक्यात बांधून रानात न्यायची आणि दोन-तीन तास काम झाल्यावर बांधावर बसून सोडायची. ताट नसायचे. डाव्या तळहातावर भाकरी, तिच्यावर ठेचा नाहीतर घट्ट झुणका, शेजारी बुक्कीने फोडलेला कांदा आणि उजव्या हाताने तुकडा मोडणे, अशी ही न्याहारी. भाकरी हेच ताट आणि तेच जेवण असल्यामुळे शेवटी धुवायला काही उरत नसे.

या भाकरीत एक सोय मुळातच आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पाणी फिरवलेली बाजू तव्यावर भाजून भाकरी विस्तवाकडे उभी केली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि वरचा पातळ पापुद्रा खालच्या जाड भागापासून सुटून फुगतो. चांगली फुगलेली भाकरी चार तुकडे करून त्यातला चतकोर हातात घेतला, तर पापुद्रा आणि बूड यांच्यामध्ये तयार खिसाच मिळतो. त्यात बोटाने लोणी फिरवायचे, वर चिमूटभर लसणीची चटणी टाकायची आणि पापुद्रा पुन्हा मिटवायचा. जनावरांमागे जाणाऱ्या पोराच्या हातात आई असा चतकोर देई आणि ते चालता चालता खाई. लहान मुलासाठी मुद्दाम हातात मावेल असे केलेले खाणे हा आजचा शोध नाही, एवढे यावरून दिसते.

मग भाकरीची गुंडाळी का झाली नाही? कारण धान्यात आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की ग्लुटेन या चिवट प्रथिनाचे जाळे तयार होते. ते ताणले जाते, वळते आणि पुन्हा आकार धरते. ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिन्हींत ग्लुटेन नाही. भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या थोडी वळते, पण गार होताच कडक होते आणि दुमडीवर तडकते. माझ्या आत्याबाईंनी हे शास्त्र एका वाक्यात सांगितले होते: "गार भाकरी गुंडाळाय लागलीस तर हातात भुगाच येणार." त्यामुळे भाकरीच्या काळात वरती ठेवायचे, मध्ये भरायचे, पण गुंडाळायचे नाही, असाच प्रकार राहिला.

आत काय भरायचे याचाही इतिहास आहे, आणि तो भाकरीपेक्षा जास्त उलथापालथीचा आहे. भाकरीबरोबर तोंडी लावायच्या पदार्थाला आपल्याकडे कोरड्यास म्हणतात. हातावरच्या न्याहारीला ते खरोखरच कोरडे असावे लागे, नाहीतर रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. म्हणून पातळ पिठले घरी ताटात आणि झुणका रानात, अशी वाटणी होती. कारळे, जवस आणि तीळ यांच्या चटण्या जुन्या. मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात भारतात आली. त्याआधी तिखटपणाचा भार प्रामुख्याने मिऱ्यांवर होता. आज ज्या ठेच्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, त्यातली मिरची म्हणजे समुद्र ओलांडून आलेली पाहुणी आहे, आणि त्यात घालायचा शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. सातारा-सांगलीच्या हलक्या माळरानांना भुईमूग इतका मानवला की शेंगदाण्याची चटणी नसलेली शिदोरी इथे कोणी कल्पनेतही आणत नाही.

बटाट्याची कथा तर सातारा जिल्ह्याच्या डोंगरावरच घडली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले जाऊ लागले आणि पुढच्या दशकात तिथे चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग झाला. या कैद्यांनी तिथे भाजीचे मळे फुलवले, आणि त्यांत बटाटा भरपूर पिकू लागला. आज आपण चपातीत गुंडाळतो ती मोहरी-हळदीची पिवळी भाजी पाहताना तिच्या मागे परमुलखातून शिक्षा भोगायला आणलेल्या माणसांचे कष्ट आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भाजीतली हळद सांगलीच्या पेठेतली, बटाटा महाबळेश्वरच्या डोंगरावर रुळलेला; सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ मध्ये विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा होईपर्यंत साताऱ्यातच होता आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले, हे लक्षात घेतले तर दोन्हीकडची न्याहारी सारखी का, याचे फार आश्चर्य वाटत नाही.

गहू या भागाला अगदीच अनोळखी नव्हता. कृष्णेच्या खोऱ्यात खपली गहू पूर्वीपासून होतो. पण त्याचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असते, कांडल्याशिवाय ते सुटत नाही, आणि एवढा खटाटोप रोज करणे परवडत नसल्याने खपली राहिली ती खिरीसाठी आणि सणासाठी. भाषेतही याची खूण उरली आहे. इथल्या शेतकरी घरांत नुसते पोळी म्हटले की पुरणपोळी समजायची. रोजची ती चपाती. वाईच्या घाटावरच्या किंवा सांगलीच्या गावभागातल्या ब्राह्मण घरांत मात्र रोजचीही पोळीच. पाहुणा आला तर चपाती, घरच्यांना भाकरी, हा भेद माझ्या लहानपणापर्यंत अनेक घरांत कसोशीने पाळला जात होता, आणि मुलांनी पाहुण्यांची वाट पाहण्याचे ते एक प्रामाणिक कारण होते.

हा भेद पुसला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेशी १९५६ मध्ये झालेल्या पीएल-४८० या धान्य-मदतीच्या करारानंतर आयात गहू रेशनच्या दुकानांतून मिळू लागला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कल्याणसोना, सोनालिका या बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या जाती आल्या. पाण्याखाली आलेल्या जमिनीत ऊस वाढला आणि उसातून रिकाम्या झालेल्या रानात घरापुरता गहू करणे सोयीचे ठरले. १९७२ च्या दुष्काळात माण-खटाव, आटपाडी, जतकडच्या माणसांनी दुष्काळी कामावर खडी फोडत आयात केलेल्या मिलो या तांबड्या ज्वारीची लाल भाकरी खाल्ली आणि कामावर मिळणारी सुकडी ओंजळीत घेऊन फाकली. ती भाकरी आठवली की म्हातारी माणसे आजही तोंड वाकडे करतात. पुढच्या काळात ज्याला परवडले तो चपातीकडे वळला, यात चवीइतकाच त्या आठवणीचाही वाटा असावा, असे मला वाटते.

चपाती आली तरी तिची गुंडाळी होण्यास घड्याळ कारणीभूत झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडीच्या आसपासच्या घरांत पहिल्यांदा भोंग्याच्या वेळेवर डबा तयार होऊ लागला. नंतर सातारा, कराड, मिरज, कुपवाड इथल्या औद्योगिक वसाहती, सकाळची एसटी आणि शनिवारची सकाळची शाळा यांनी तीच शिस्त घराघरांत नेली. बांधावरची निवांत न्याहारी संपली. दप्तर खांद्यावर असताना एका हातात देता येईल असे काहीतरी लागू लागले, आणि तूप-साखर किंवा तूप-गूळ लावून वळलेली चपाती आयांनी त्या हातात ठेवली. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतल्यावर लहान मुलांच्या घरांत ही घाई थोडी कमी झाली, पण गुंडाळी काही गेली नाही.

शहरी रोलचा वाटा यानंतरचा. कोलकात्यात निझाम या उपाहारगृहाशी जोडला गेलेला, पराठ्यात कबाब गुंडाळलेला काठी रोल, १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आलेली फ्रँकी, आणि त्याच दशकात दादर स्टेशनबाहेर सुरू झालेला वडापाव, हे सगळे साताऱ्याच्या राजवाडा चौपाटीपर्यंत पोहोचले. त्यांनी आपल्या घरगुती पुंगळीला दिले ते मुख्यतः नाव, कागदाचे वेष्टण आणि आत चार गोष्टी एकत्र भरण्याचे धाडस. आधी आत एकच जिन्नस असे.

घरी करताना जुन्या अडचणी तशाच समोर येतात. चपाती लाटताना तेल आणि पीठ लावून घडी घातली तर पदर सुटतात आणि ती गार झाली तरी लवचिक राहते. भाजी ओलसर असेल तर आधी चटणीचा थर द्यावा, म्हणजे पाणी तो शोषतो. आणि वळण्यापूर्वी खालची कड दोन बोटे आत दुमडावी, कारण तूप-गूळ नेहमी त्याच वाटेने पळतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारीची गुंडाळी करण्याचाही हट्ट काही घरांत सुरू झाला आहे. ती जमते, पण पिठाची उकड काढावी लागते. उकळत्या पाण्यात पीठ शिजले की त्यातला स्टार्च चिकट होऊन ग्लुटेनचे काम थोडेफार निभावतो, आणि अशी भाकरी चपातीसारखी पातळ लाटता येते. मी मागच्या रविवारी शाळूची अशी करून पाहिली. मुलांनी ती गरम असताना गुंडाळून खाल्ली. शेवटची एक गार झाली, वळताना तडकली, तेव्हा आत्याबाईंनी ती काही न बोलता उचलली, मोडून चतकोर केला आणि त्यावर ठेचा ठेवला.