कॉल लगेच परत आला, पण काम झालं का?

एकेकाळी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर साध्या शून्याने बराच घोळ घातला होता.

एक प्रोग्रॅम दुसऱ्याकडून येणारा मजकूर पाइपमधून वाचतोय असं समजा. त्यासाठी तो ‘रीड’ हा कॉल करतो, म्हणजे सिस्टिमकडे ते काम मागतो. मजकूर आलेला नसेल, तर नेहमीचा कॉल तिथेच अडून बसतो. याला म्हणायचं ब्लॉकिंग. नॉन-ब्लॉकिंग कॉलचा बोलीत अर्थ असा: असेल तर दे, नसेल तर मला अडवू नकोस. सिस्टिम फाइव्ह नावाच्या युनिक्समध्ये ‘ओ-एनडिले’ हा फ्लॅग, म्हणजे पर्याय, लावला की ही सोय मिळायची. मजकूर नसला की रीड लगेच 0 घेऊन परत.

गंमत अशी, की पलीकडच्याने पाइप बंद केला, आता काहीच येणार नाही, तरीही रीड 0 च देतो. म्हणजे ‘अजून आलं नाही’ आणि ‘आता कधीच येणार नाही’ या दोन्हींना एकच उत्तर. बिचाऱ्या प्रोग्रॅमने वाट बघायची की गाशा गुंडाळायचा?

वेगवेगळ्या युनिक्ससाठीच्या पॉझिक्स या सामायिक मानकाने 1988 मध्ये यावर तोडगा काढला. ‘ओ-नॉनब्लॉक’ हा वेगळा फ्लॅग आणला आणि नियम केला, की मजकूर नसेल तर उणे 1 द्यायचं आणि सोबत ‘ईअगेन’ हा एरर कोड, म्हणजे ‘पुन्हा विचारा’. 0 चा अर्थ एकच उरला: संपलं. बर्कलीच्या युनिक्समध्ये याच कामाला ‘ईवुडब्लॉक’ हा कोड होता. सॉकेटसाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीसाठी, पॉझिक्सने दोन्ही चालवून घेतले. त्या दोन कोडांचा आकडा एकच असेल किंवा वेगळाही असेल, म्हणून आजही जपून लिहिलेल्या कोडमध्ये दोन्ही तपासलेले दिसतात. एकाच्याही शेपटीवर पाय द्यायचा नाही, हे मानक समित्यांना चांगलं जमतं!

‘नॉन-ब्लॉकिंग’ हा शब्द फक्त कॉल कधी परत येईल ते सांगतो. परत आला तेव्हा काय झालेलं असेल आणि काय बाकी असेल, याबद्दल तो मूग गिळून बसतो. ते स्पेसिफिकेशननेच लिहावं लागतं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण एमपीआय. महासंगणकात हजारो प्रोसेस एकमेकांना संदेश पाठवतात, त्याचं हे मानक. पहिली आवृत्ती 1994 ची. त्यातला ‘आयसेंड’ हा कॉल संदेश पाठवायला सुरुवात करतो आणि लगेच परत येतो. आता तुमच्या बफरमध्ये, म्हणजे संदेश ठेवलेल्या मेमरीच्या जागेत, 7 हा आकडा आहे. तुम्ही आयसेंड केलं आणि पुढच्याच ओळीत तिथे 9 लिहिलं. पलीकडे काय पोचेल? कदाचित 7, कदाचित 9. संदेश छोटा असेल तर बहुतेक लायब्रऱ्या तो आधीच दुसरीकडे उतरवून घेतात, त्यामुळे चाचणीत सगळं सुरळीत दिसतं. मोठा संदेश थेट तुमच्याच बफरमधून उचलला जातो आणि चूक तिथे उघडी पडते. म्हणून नियम असा: ‘वेट’ किंवा ‘टेस्ट’ या कॉलने काम पूर्ण झाल्याचं सांगेपर्यंत बफरला हात लावायचा नाही.

सुरुवातीला हा नियम फारच कडक होता. बदलणं सोडाच, तो बफर नुसता वाचायलाही मनाई! वाचल्याने काय बिघडतं? बहुतेक यंत्रांवर काहीच नाही. पण काही यंत्रांवर मेमरीतून डेटा उचलणारं स्वतंत्र हार्डवेअर प्रोसेसरच्या कॅशशी, म्हणजे त्याच्या जवळच्या छोट्या मेमरीशी, ताळमेळ ठेवत नसे, त्यांच्यासाठी ही तजवीज होती. 2009 च्या 2.2 आवृत्तीत वाचायची बंदी उठली. लिहायची बंदी अर्थातच कायम आहे.

कधी कधी नियम उलट्या बाजूने लागतो: उत्तर फार लवकर देऊ नका! जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिसला, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराच्या जागी धरलेल्या वस्तूला, ‘देन’ने एक फंक्शन जोडून ठेवतात, उत्तर आलं की ते चालतं. उत्तर आधीच हाताशी असेल तर? लगेच चालवावं असं कुणालाही वाटेल. पण मग तेच फंक्शन कधी पुढच्या ओळीच्या आधी चालेल, कधी नंतर, आणि असले बग शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो. म्हणून स्पेसिफिकेशन बजावतं, की उत्तर तयार असलं तरी आधी सध्याचा कोड संपू द्या, मगच ते फंक्शन चालवा.

जावातला ‘ट्रायलॉक’ हा कुलूप मागणारा कॉल तर चक्क रांग मोडतो. ‘रीएंट्रंटलॉक’ हे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप तयार करताना न्याय्य क्रम मागितला असला, तरी कुलूप मोकळं दिसताच हा कॉल वाट पाहणाऱ्या थ्रेडना, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या कामांना, डावलून ते घेतो. रांग पाळायची असेल तर शून्य सेकंद मुदतीचा ट्रायलॉक वापरा, असं अधिकृत माहितीतच लिहिलं आहे. शून्य सेकंद थांबणं आणि मुळीच न थांबणं यांत हा असा फरक.

आणि सी++ मधला ‘असिंक’. वेगळ्या थ्रेडवर चालवायला सांगितलं, की काम तिकडे सुरू होतं आणि कॉल हातात ‘फ्युचर’ नावाची वस्तू देऊन परत येतो. ती कुठे साठवली नाहीत तर त्याच ओळीच्या शेवटी नष्ट होते. पण 2011 च्या मानकानुसार असिंककडून आलेलं हे फ्युचर नष्ट होण्याआधी काम संपायची वाट पाहतं. म्हणजे कॉल थांबला नाही, अर्धविरामापाशी येऊन ओळ मात्र थांबली.