कापराचा नाच आणि पाण्याची विझवलेली चमक

परात साबण न लावता खळखळून धुवा, तिच्यात पाणी घ्या आणि कापराचा बारीक तुकडा सोडा. तो भिंगरीसारखा फिरू लागतो. आता काडीचं टोक गोडेतेलात बुडवून पुसून घ्या आणि पाण्याला नुसतं टेकवा. कापूर जागच्या जागी थांबतो. पाण्यावर मात्र काहीच दिसत नाही. सावजी रश्श्यावरची तर्री दिसते, कारण ती काही लाख रेणूंइतकी जाड असते. परातीतला थर जेमतेम एका रेणूइतका असतो. न दिसणाऱ्या या थरात काय घडतं, ते प्रकाशाने कसं कळू लागलं, त्याची ही हकीकत.

नागपूरकराला या विषयाचं कौतुक वाटायला एक अगदी घरगुती कारण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि गोरेवाडा तलावाचं पाणी नळाला येण्याआधीच आभाळात जातं. पाण्यावर एका रेणूचा थर पसरला तर बाष्पीभवन मंदावतं, हे रिडील या शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये दाखवलं. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मॅन्सफिल्ड यांनी सेटिल अल्कोहोल, म्हणजे लांब साखळीचं एक मेणचट अल्कोहोल, जलाशयांवर पसरून पाहिलं. पुढे भारतातही असे प्रयोग झाले. अडचण थर पसरवण्याची नव्हतीच. वारा आला की थर फाटतो आणि एका काठाला गोळा होतो, वर धूळ बसते, जंतू तो खातात. म्हणजे थर टाकून भागत नाही, तो बदलतो कसा हेही पाहावं लागतं.

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी शांत झालं. ते त्याने १७७४ मध्ये छापलं, पण थराची जाडी काही काढली नाही. ती काढली इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९० मध्ये, आणि तीही कापरानेच. नाच थांबवायला किती तेल लागतं ते मोजून, पाण्याच्या क्षेत्रफळाने भागून त्यांनी सुमारे १.६ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असा आकडा काढला.

पुढच्याच वर्षी त्यांना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून एक पत्र आलं. लिहिणारी आग्नेस पॉकेल्स. विद्यापीठाची पायरी तिला चढता आली नव्हती, घर सांभाळता सांभाळता ती प्रयोग करायची. ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २ उंच असं एक पत्र्याचं पन्हाळ, काठोकाठ पाणी, आणि त्यावर आडवी ठेवलेली दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवली की थर आवळला जातो, परत ओढली की सैल होतो. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’मध्ये छापायला लावलं. आजही प्रयोगशाळांत हेच पन्हाळ वापरतात, फक्त पत्र्याच्या जागी टेफ्लॉन आलं आणि त्याला नाव मिळालं अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लँगम्युर यांचं. अशा थरांवरचं त्यांचं १९१७ चं काम मोठं होतं, १९३२ चं नोबेलही रास्तच. पण पन्हाळाला पॉकेल्सचं नाव असायला हवं होतं, असं मला वाटतं.

इथवर सगळी मोजमापं स्पर्शाची: तराजू, पट्टी, कापूर. प्रकाश का नाही? साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते फुग्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या आसपास असते म्हणून. दोन नॅनोमीटरच्या थराला रंग कुठून येणार? कॅथरीन ब्लॉजेट यांनी यावर सरळ उपाय काढला: थरावर थर चढवायचे. बेरियम स्टिअरेट या साबणासारख्या पदार्थाचे ४४ थर काचेवर चढवून त्यांनी १९३८ मध्ये जवळपास चमक नसलेली काच दाखवली. जाडी बदलली की रंग बदलतो, तेव्हा रंग पाहून किती थर चढले ते सांगता येऊ लागलं.

एकाच थरासाठी मात्र वेगळी युक्ती लागली, आणि ती आधीच सापडलेली होती. पॉल ड्रूड यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं होतं, की तिरप्या परावर्तनात प्रकाशाच्या दोन आडव्या-उभ्या कंपनांमधला मेळ अगदी पातळ थरानेही बिघडतो. तो बिघाड मोजला की जाडी कळते. या उपकरणाला ‘एलिप्सोमीटर’ हे नाव अलेक्झांडर रॉथेन यांनी १९४५ मध्ये दिलं, तेव्हा मोजणी अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्याही, अंशापर्यंत पोचली होती.

जाडीचा आकडा मिळाला, तरी थर डोळ्यांना दिसत नव्हता. १९९१ मध्ये जर्मनीत होनिग-मोबियस आणि फ्रान्समध्ये एनॉन-म्युनिए यांनी स्वतंत्रपणे जे केलं, त्याला माझ्या लेखी या सगळ्या हकिकतीत तोड नाही. सुमारे ५३ अंशांवर, योग्य दिशेने कंप पावणारा प्रकाश पाण्यावरून जवळजवळ परतत नाही. हा ब्रूस्टर कोन, १८१५ पासून ठाऊक असलेला. त्यांनी लेझर त्या कोनात लावला, पाण्याची चमक विझवली, आणि काळ्या पडद्यावर थर तेवढा उजळला. परतणारा प्रकाश मूळच्या दहा लाखाव्या भागाइतका, पण त्यात बेटं दिसतात. पट्टी सरकवली की ती वाढतात, एकमेकांना खेटतात. सैल सोडली की विरतात.

रेणूंच्या साखळ्या ताठ आहेत की वाकलेल्या, हे मात्र या चित्रात नेमकं कळत नाही. ते सांगतो रामन परिणाम, १९२८ चा: रेणूंवरून विखुरताना थोड्याशा प्रकाशाचा रंग रेणूंच्या कंपनांनुसार किंचित बदलतो. रामन १९१० मध्ये वित्त खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात नोकरीला होते, हे इथल्या अनेकांना माहीत नसतं. एका थराचा रामन संकेत फार क्षीण असतो. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनमध्ये खरबरीत चांदीवर तो अनपेक्षितपणे भक्कम मिळाला, आणि तिथून धातूवरच्या पातळ थरांचा अभ्यास सोपा झाला.

हे सगळं पन्हाळातलं, बंद खोलीतलं. उघड्या जलाशयावर लाटा असतात, तिथे ५३ अंशांचा कोन क्षणभरही टिकत नाही. म्हणून बाष्पीभवनाच्या प्रयोगांत थर शाबूत आहे का, हे पाहायला होडीतून तेलांच्या बाटल्या न्यायचे. प्रत्येक तेलाचा पसरण्याचा जोर वेगळा आणि आधी मोजलेला. थेंब पसरला तर थर विरळ झाला, भिंगासारखा गोल राहिला तर अजून घट्ट आहे.