गंगापूर आणि नांदूर मध्यमेश्वर : गोदावरी एक, जलाशय दोन

वायनरी पाहण्यासाठी नाशिकला आलेल्या पाहुण्यांनी उरलेला दिवस कुठे घालवावा, असे विचारले की "धरणावर जा, पक्षी दिसतील" हे उत्तर हमखास मिळते आणि घोटाळा तिथेच होतो. गंगापूर धरण शहराच्या पश्चिमेला, सुला आणि यॉर्क या वायनरींच्या शेजारी आहे. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले नांदूर मध्यमेश्वर मात्र शहरापासून सुमारे ४० किलोमीटर पूर्वेला, निफाड तालुक्यात आहे.

गंगापूर हे १९६५ मध्ये पूर्ण झालेले मातीचे धरण असून शहराच्या पिण्याच्या पाण्याची मुख्य भिस्त त्याच्यावर आहे. तिथे जावे ते संध्याकाळी, त्र्यंबककडील डोंगरांमागे सूर्य कलताना. काठावर टिटव्या आणि बगळे दिसतात, बोटिंगही करता येते; परंतु खोल पाण्यात चिखल चाळून खाणाऱ्या पक्ष्यांना फारसे काही मिळत नाही.

नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट निराळी आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या दगडी बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मधे बेटे तयार झाली आणि पाणवनस्पती माजल्या. साठवणक्षमतेच्या दृष्टीने हा तोटाच. पण पक्ष्यांना नेमके हेच हवे असते. चमचा हा पक्षी अर्धवट उघडी, चपटी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो आणि चोचीला काही लागले की ती झटकन मिटतो. हे दृश्य गुडघाभर पाण्यातच शक्य आहे. जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक आणि हिवाळ्यात येणारी तलवार बदके पाहायची तर चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर सकाळी लवकर पोहोचावे. १९८६ मध्ये अभयारण्य झालेल्या या जागेला जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला. इथे मद्याच्या बाटल्या आणि गाण्यांचा गोंगाट घेऊन येणाऱ्यांनी, स्पष्टच सांगायचे तर, येऊच नये.

द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, तर स्थलांतरित पक्ष्यांचा मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी; म्हणून दोन्ही साधायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारी गाठावा. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे, तेव्हा पहाटे स्वेटर हवाच. गंगापूर, दारणा यांसारख्या वरच्या धरणांतून आवर्तनाचे, म्हणजे पाळीपाळीने सोडलेले, पाणी नांदूरच्या बंधाऱ्यावरूनच पुढे कालव्यांत जाते. त्या काळात तिथली पातळी वाढते आणि उथळ पाण्यातले पक्षी कडेला सरकतात किंवा दुसरीकडे जातात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या स्थानिक गाईडला पाणी किती आहे, एवढे तरी विचारून घ्यावे.