दोलामुद्रित वनौषधिग्रंथ

छपाई सुरू झाल्यापासून १५०० सालापर्यंत युरोपात छापलेले, वनस्पती, प्राणी व खनिजे यांच्या गुणधर्मांवरचे मध्ययुगीन ग्रंथ. मजकूर बहुधा जुनाच, हस्तलिखितांतून आलेला. नवी होती ती चित्रे. कोन्राड फोन मेगेनबेर्गचे १३५० च्या सुमाराचे ‘बूख डेर नाटूर’ योहान बेम्लरने १४७५ मध्ये आउग्सबुर्ग येथे छापले. त्यातल्या पानभर चित्रांत झाडे दाटीवाटीने उभी आहेत, आणि त्यांतली मोजकीच ओळखू येतात.

खरे वळण माइन्झमध्ये मिळाले. गुटेनबेर्गचा एकेकाळचा सहकारी पेटर शॉफर याने १४८४ मध्ये लॅटिन ‘हेर्बारियुस’ काढला. त्यात १५० वनस्पती, प्रत्येकीचे एक चित्र. पण दोन्ही बाजूंना सारखी पाने काढलेली, रांगोळीसारखी. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १४८५ रोजी, त्याचा जर्मन ‘गार्ट डेर गेझुंडहाइट’ आला. संकलक फ्रँकफुर्टचा नगरवैद्य योहान व्होनेके फोन काउब. प्रकरणे ४३५ : वनस्पती ३८२, प्राणी २५, खनिजे २८, चित्रे सुमारे ३८०. प्रस्तावनेतला आश्रयदाता सांगतो की बऱ्याच वनस्पती जर्मन भूमीत उगवतच नाहीत, त्या ऐकीव माहितीवर काढाव्या लागल्या असत्या, म्हणून काम अर्धवट ठेवून तो चित्रकाराला घेऊन पूर्वेच्या यात्रेला गेला. हा चित्रकार एर्हार्ड रॉयविख असावा, असे मानले जाते. गंमत अशी, की ग्रंथातली सरस चित्रे घराजवळच्या झाडांची आहेत. परदेशी वनस्पती बऱ्याचशा कल्पनेतूनच उतरल्या. ‘आकोरुस’ या नावाखाली (हल्ली हे वेखंडाच्या प्रजातीचे नाव) पाणथळीतला पिवळा आयरिस काढला आहे. नाव घसरले, पण तलवारीसारखी पाने व आडवा कंद अचूक आहेत.

चित्राचा ठसा लाकडी असे. रेषा तेवढी उठावदार ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढत. ठशाची उंची खिळ्यांइतकीच (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांइतकीच) ठेवली की मजकूर व चित्र एकाच दाबात उठे. उंचीत थोडाही फरक पडला तर चित्र फिके येई किंवा शेजारची अक्षरे दबत नसत. रंग मात्र नंतर हाताने भरत, त्यामुळे एकाच ठशातले फूल एका प्रतीत निळे, दुसरीत तांबडे दिसू शकते. रंगावरून वनस्पती ओळखू नये. तांब्याचा हिरवा रंग कालांतराने कागद तपकिरी व ठिसूळ करतो, आणि पान नेमके चित्राच्या जागी फाटते.

पाच महिन्यांत, ऑगस्ट १४८५ मध्ये, आउग्सबुर्गच्या योहान शॉन्स्पेर्गरने ‘गार्ट’ची नक्कल बाजारात आणली, चित्रे लहान आणि ओबडधोबड. छापील चित्र जसेच्या तसे नव्या लाकडावर उतरवून कोरले, तर छाप उलटी येते. पानांच्या आकाराला त्याने बाध येत नाही, पण वेलीचा पीळ उलटा फिरतो आणि हॉप्ससारखा वेल चुकीच्या दिशेने चढतो. नकलेची नक्कल झाली की देठावरचे केस, मुळांचे तंतू यांसारखे ओळखीचे तपशील आधी गळतात.

याकोब मायडेनबाखचा १४९१ चा लॅटिन ‘होर्टुस सानिटाटिस’ याहून जाडजूड : हजारावर प्रकरणे, त्यांत पशू, पक्षी, मासे, रत्ने सगळेच. यातली मँड्रेक या औषधी वनस्पतीची मुळे मात्र चक्क स्त्री-पुरुषांच्या आकृती आहेत. वनस्पतिचित्र म्हणून ही पिछेहाटच.

प्रत तपासताना आधी शेवट पाहावा, कारण मुद्रक, गाव व तारीख बहुधा तिथेच असतात. ते पान गहाळ असेल तर खिळ्यांचे वळण आणि ठशांवरच्या चिरा जुळवाव्या लागतात. चीर छापात पांढऱ्या रेघेसारखी दिसते. ती पुढच्या छपाईत भरून येत नाही, उलट वाढते. म्हणून चिरा जास्त असलेली छाप नंतरची.