साडेतीन-साडेआठ : दूध मेळाव्यातल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात एका मुक्त संचार गोठ्यावर अलीकडेच पशुपालक मेळावा झाला. विषय ‘दूध व्यवसायाचं भवितव्य’. मुरघासाची (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) बॅग फोडून दाखवली, गळ्यात सेन्सरचा पट्टा बांधलेली एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय फिरवून दाखवली, कालवडच होण्याची शक्यता जास्त असलेल्या रेतमात्रेचे फायदे सांगितले. प्रश्नोत्तराला पहिला हात वर केला तो सांगोल्याकडच्या एका पशुपालकानं : “ते सगळं खरं हो साहेब, पण साडेतीन-साडेआठ कुणी ठरवलं?” मंडपात हशा पिकला. व्यासपीठावरून ‘शास्त्रीय मानक आहे’ एवढंच उत्तर आलं आणि माईक पुढच्याकडे गेला.

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. साडेतीन-साडेआठ म्हणजे गायीच्या दुधाचा जाहीर दर ज्या प्रतीला असतो ती प्रत : ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ.

सोलापूर हा मुळात गायीच्या दुधाचा जिल्हा नव्हे. इथली खिलार ही गोवंशाची जात औताची आणि शर्यतीची. तिचं दूध वासरापुरतं, उरलं तर घरापुरतं. दूध द्यायची ती पंढरपुरी म्हैस, जिची तलवारीसारखी शिंगं खांद्याच्या मागेपर्यंत जातात. मालदांडी ज्वारीचा कडबा हा चारा आणि पाऊस गेला की सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जनावर विकायचं, असा हिशोब. पुढे संकरित गाय आली आणि १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. पाणी आलं तिथे ऊस आला, ज्वारी हटली, कडबा महागला आणि गोठ्यात उसाचं वाढं पडू लागलं. फुकटात मिळणारा हा चारा पोट भरतो, पण त्यात ऑक्झलेट जास्त असल्यानं जनावराचं कॅल्शियम बांधलं जातं. हे वाढं पुढे दुधाच्या प्रतीच्या भांडणात येणार आहे.

व्यवसायाचं रूप बदललं ते केंद्र सरकारच्या १९९२ च्या दूध आदेशात २००२ मध्ये दुरुस्ती झाल्यावर. तोवर परवानाधारक डेअरीला संकलनाचं क्षेत्र आखून दिलेलं असे. ती अट गेली. एका चावडीभोवती तीन-तीन संकलन केंद्रं उभी राहिली. स्पर्धेनं दर चढला हे मान्य करायला हवं. पण दराचा तक्ता ज्याच्या-त्याच्या हातात गेला आणि तक्त्याच्या मुळाशी बसलं साडेतीन-साडेआठ.

भेसळ प्रतिबंधाच्या जुन्या नियमांत महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत गायीच्या दुधाची किमान प्रत हीच होती. हा आकडा मुळात पाणी घातलेलं दूध पकडण्यासाठी होता, भाव काढण्यासाठी नव्हे. नंतर मानकं सुधारली आणि गायीच्या दुधाची किमान प्रत ३.२ आणि ८.३ झाली. कायद्याचा उंबरठा खाली आला, दरपत्रकाचा मात्र तिथेच राहिला. त्यामुळे ३.२/८.३ चं दूध कायद्यानं शुद्ध गायीचं दूध असतं आणि केंद्रावर ते ‘कमी प्रतीचं’ ठरतं.

तक्त्यात दशांश एक म्हणजे एक पॉइंट. समजा जाहीर दर ३४ रुपये आहे आणि उन्हाळ्यात गायीचं दूध ३.३/८.१ लागलं. फॅटचे दोन आणि एसएनएफचे चार पॉइंट कमी. पॉइंटला ३० पैसे कापले तर हाती ३२ रुपये २० पैसे येतात. पण एसएनएफच्या पॉइंटला रुपयापर्यंत कापतात ही जुनी तक्रार आहे, आणि तसं कापलं तर येतात २९ रुपये ४० पैसे. कपातीतल्या या फरकानं चाळीस लिटरवाल्याचे दिवसाला ११२ रुपये गेले. पेपरात मात्र भाव ३४ च छापून येतो.

गावात एसएनएफ म्हणत नाहीत, ‘डिग्री’ म्हणतात. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं, दुधाची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीचं, वाचन; एसएनएफ हे त्या वाचनावरून आणि फॅटवरून सूत्रानं काढतात. लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानाला जुळवलेला असतो, दूध त्याहून गरम किंवा गार असेल तर दुरुस्ती करावी लागते. सूत्रातला शेवटचा स्थिरांकही सगळीकडे एकच नाही. आता केंद्रावर यंत्र बसलंय, पण तेही जुळवून घ्यावं लागतं. कॅन ओतला, आकडा आला, चिठ्ठी निघाली. यंत्र कधी जुळवून घेतलं हे विचारलं की केंद्रचालक वर डेअरीकडे बोट दाखवतो.

डिग्री न बसण्याला पशुपालकाचीही बाजू आहे, ती टाळू नये. एसएनएफ म्हणजे प्रथिनं, दुग्धशर्करा, खनिजं. निव्वळ वाढ्यावर आणि एप्रिल-मेच्या उन्हात दमलेली एचएफ चाराच कमी खाते. तिच्या दुधात प्रथिनं येणार कुठून? मुरघास त्यासाठीच. मेळाव्यातले तज्ज्ञ चूक नव्हते, पण ज्यानं प्रश्न विचारला त्याला खुराक नको होता, हिशोब हवा होता.

आता घोषणांकडे. जून २०१७ च्या शेतकरी संपानंतर सरकारनं गायीच्या दुधाचा दर २४ वरून २७ केला, म्हशीचा ३३ वरून ३६. वर्षभरात बाजार पडला, जुलै २०१८ मध्ये दूध रस्त्यावर ओतलं गेलं आणि २५ रुपयांची हमी देऊन पाच रुपये अनुदान आलं. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं, मिठाई बंद. सरकारनं दिवसाला दहा लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी केली. भुकटीचा साठा हाच पुढे दर पाडायचं कारण म्हणून सांगितला गेला. जुलै २०२३ मध्ये ३४ रुपये जाहीर झाले, अर्थात ३.५/८.५ ला. दिवाळीपर्यंत दर पुन्हा पंचविशी-सत्ताविशीत.

आणि इथे गुंता पक्का झाला. डिसेंबर २०२३ च्या अनुदानाच्या घोषणेत प्रत होती ३.२/८.३, डेअरीनं द्यायचा दर २९, आणि लाभ फक्त सहकारी संघांना दूध घालणाऱ्यांना. जानेवारी २०२४ मध्ये खासगी डेअरीवालेही आत आले, ते बरं झालं. पण प्रत परत ३.५/८.५ झाली आणि दर २७. कपात पॉइंटला ३० पैसे असं आता कागदावर आलं. सोबत गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला, पोर्टलवर नोंद, आधार जोडलेलं खातं. बिल्ल्याचा एक आकडा चुकला तरी पैसे अडकत. जुलैत डेअरीचे ३० अधिक अनुदानाचे पाच, ऑक्टोबरमध्ये २८ अधिक सात. पशुपालकाच्या हाती दोन्ही वेळा ३५ च. ऑक्टोबरात डेअरीचा वाटा दोन रुपयांनी घटला आणि तो सरकारनं भरला, याची चर्चा फारशी झाली नाही.

उसासारखी दुधाला एफआरपी (कायद्यानं ठरलेला रास्त आणि किफायतशीर दर) द्या ही मागणी यातूनच पुढे आली. सोलापूरकराला ती लगेच कळते, कारण त्याच्या एका हातात उसाची पावती असते आणि दुसऱ्यात दुधाची चिठ्ठी. उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, बांधलेली आहे आणि उतारा कमी पडला तर दर कमी होतो, अगदी दुधासारखाच. फरक असा की उसात ९.५ च्या खाली आणखी कपात करता येत नाही. दुधाच्या तक्त्याला असा तळ नाही. मेळाव्याच्या मंडपाला लागूनच एक संकलन केंद्र होतं. तिथल्या पाटीवर खडूनं लिहिलं होतं, ‘८.० च्या आतील दूध परत’.