काळोखातला खोटा उजेड

माणसाला दिसायला कमीत कमी किती उजेड लागतो? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सेलिग हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी १९४२ मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं. प्रयोगाला बसणाऱ्याने आधी अर्धा तास काळोखात डोळे सरावू द्यायचे. मग एक सहस्रांश सेकंदाची निळसर हिरवी चमक. दिसली की नाही, एवढंच सांगायचं. प्रयोगाला बसलेल्यांत हे तिघे स्वतःही होते.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, ५४ ते १४८ फोटॉन (प्रकाशाचे सुटे कण) पडले की चमक बहुतेक वेळा दिसायची. त्यांतले पुष्कळसे वाटेतच हरवतात. दृष्टिपटलातल्या, मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींनी प्रत्यक्षात टिपलेले फोटॉन निघाले ५ ते १४. चमक पडली होती त्या जागेत दंडपेशी सुमारे ५००, म्हणजे एकाच पेशीला दोन फोटॉन मिळण्याची शक्यता फारच कमी. याचा अर्थ, एक दंडपेशी एकुलत्या एका फोटॉनला प्रतिसाद देते. १९७९ मध्ये बेलर, लॅम्ब आणि याउ यांनी भेकाची (बेडकासारखा प्राणी, टोड) एकेक दंडपेशी बारीक काचेच्या नळीत ओढून तिच्यातला विद्युतप्रवाह मोजला, आणि हे थेट दिसलं. एका फोटॉनने प्रवाहात पडणारा फरक सुमारे एक पिकोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागाचा.

मग एका फोटॉनने काम भागत असताना पाच ते चौदा का लागावेत? मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो, कारण अडचण कमी संवेदनक्षमतेची नाहीच. अडचण अति संवेदनक्षमतेची आहे. प्रकाश टिपणारं ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन फोटॉनच्या धक्क्याने आकार बदलतं, पण शरीराच्या उष्णतेनेही ते कधीतरी आपोआप तसंच बदलतं. माकडाच्या डोळ्यावरून काढलेला अंदाज असा, की एका रेणूवर ही पाळी सरासरी चारेकशे वर्षांतून एकदा येते. ऐकायला अगदी दुर्मीळ वाटतं. पण एका दंडपेशीत असे सुमारे दहा कोटी रेणू असतात, म्हणून प्रत्येक पेशी दोन-अडीच मिनिटांतून एकदा न आलेल्या फोटॉनची वर्दी देते. माणसाच्या डोळ्यातल्या दहा-एक कोटी दंडपेशींचा हिशेब धरला, तर मिट्ट काळोखातही दर सेकंदाला काही लाख खोटे फोटॉन! आणि पेशीच्या प्रवाहात खरा आणि खोटा अगदी एकसारखे दिसतात.

काळोखातला हा आतला गोंगाटच डोळ्याची मर्यादा ठरवत असावा, असं दृष्टीचे अभ्यासक होरेस बार्लो यांनी १९५६ मध्ये मांडलं. ते खरं असेल तर डोळा थंड केल्यावर नजर सुधारायला हवी. माणसावर हे करून बघता येत नाही, बेडकांवर येतं, कारण त्यांच्या शरीराचं तापमान भोवतालाप्रमाणे बदलतं. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गार ठेवलेल्या बेडकांना आणि भेकांना खरोखरच आणखी मंद उजेड जाणवला. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतलं मध्य-अवरक्त किरण टिपणारं उपकरण ७ केल्विनच्याही खाली, म्हणजे उणे २६६ अंश सेल्सिअसपेक्षा थंड ठेवावं लागतं, त्यामागचं एक कारण हेच.

माणसाच्या डोळ्याला थंड होण्याची सोय नाही. तो पुरावा जुळवून बघतो. शेजारशेजारच्या काही दंडपेशी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत बोलल्या, तर उजेड. एकटीदुकटी बोलली, तर बहुधा नाही. उंदराच्या डोळ्यात तर दंडपेशीनंतरच्या पहिल्याच जोडणीवर बारीक संकेत गाळले जातात. त्यात खऱ्या फोटॉनचे कितीतरी संकेतही बळी जातात, पण गोंगाट त्याहून जास्त कापला जातो, म्हणून हा सौदा परवडतो. चाळणी सैल करा, खोटे इशारे वाढतील. घट्ट करा, खरे निसटतील. रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसता गोंगाट, या पेचातून निघालेलं गणित १९५४ पासून माणसाच्या पाहण्या-ऐकण्याला लावलं गेलं, ते याचमुळे.

जुळवून बघण्याची हीच युक्ती गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशच किंचित ताणणारी-आकसवणारी लहर, पहिल्यांदा सापडली, तेव्हा यंत्राच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. एवढी थरथर जमिनीच्या हालचालीने, आरशांच्या उष्णतेने, लेझरच्या चढउताराने सहज होऊ शकते. म्हणून यंत्रं दोन, एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटरवर. दोन्हीकडे तोच आकार ७ मिलिसेकंदांच्या फरकाने उमटला.

पण योगायोगानेही असं जुळू शकतं. ते किती वेळा, हे मोजायची रीत मोठी चतुर आहे: एका यंत्राच्या नोंदी दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम थोड्या वेळाने सरकवायच्या. खरी लहर दोन्हीकडे काही मिलिसेकंदांतच पोचते, म्हणून आता जुळलेली कोणतीही जोडी खरी असूच शकत नाही. असं पुन्हा पुन्हा सरकवून मोजलं, तेव्हा एवढा ठळक योगायोग दोन लाख वर्षांत एकदाही अपेक्षित नाही, असं निघालं.

गोंगाट नेहमी शत्रूच असतो असंही नाही. अमेरिकेतल्या नद्यांत पॅडलफिश नावाचा मासा आहे. वल्ह्यासारख्या लांब तोंडावरच्या संवेदकांनी तो डॅफ्नियासारख्या बारीक जिवांची क्षीण विद्युत चाहूल घेतो. १९९९ मधल्या प्रयोगात पाण्यात थोडा अनियमित विद्युत गोंगाट सोडला, तेव्हा मासा अधिक दूरची शिकार पकडू लागला. गोंगाट फार वाढवल्यावर मात्र फायदा गेला. कारण असं, की शिकारीचा संकेत एकटा उंबरठ्याखालीच राहतो. गोंगाटाची भर पडली की तो अधूनमधून वर डोकावतो, आणि संकेत जोरात असतो तेव्हाच जास्त वेळा डोकावतो. अर्थात उंबरठाच नसेल, तर या युक्तीचा उपयोग नाही.

डिजिटल ध्वनिमुद्रण करणारे याच्याशी मिळतीजुळती क्लृप्ती रोज वापरतात. आवाज १६ बिटांच्या पूर्णांकांत बसवण्याआधी ते त्यात किंचित खरखर मिसळतात. ती नसेल, तर सर्वांत हळू सूर आकडे पूर्णांकात बसवताना वेडेवाकडे होतात किंवा सरळ शून्य होऊन जातात.