ग्रंथिज्वर अर्थात मोनोन्यूक्लिओसिस

एपस्टाइन-बार विषाणूमुळे होणारा, मुख्यतः १५ ते २४ वर्षांच्या वयात आढळणारा आजार. ताप, गिळता येऊ नये इतका सुजलेला घसा, मानेतल्या, विशेषतः मानेच्या मागच्या बाजूच्या गाठी आणि अंगातले त्राणच जावे असा थकवा ही त्याची ओळख. जर्मन वैद्य एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये 'ग्रंथिज्वर' म्हणून त्याचे वर्णन केले, आजचे नाव १९२० मध्ये रूढ झाले. विषाणू सापडला १९६४ मध्ये, पण तो वेगळ्याच आजारात, बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींत. पुढे फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ ग्रंथिज्वराने आजारी पडली. आधी तिच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे नव्हती, आजारानंतर ती आढळली. त्यावरून १९६८ मध्ये दोहोंचा संबंध जुळला.

विषाणू लाळेतून पसरतो. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतोच. लहानपणी शिरला तर साध्या सर्दीतापासारखा निघून जातो, पहिली भेट तरुणपणी झाली तर मात्र आजार उसळतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. त्यामुळे कोणाच्या उष्ट्या बाटलीतून तो आला, हे शोधत बसण्यात आणि कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला, तर टॉन्सिलवर पांढुरका-करडा थर दिसतो, टाळूवर लाल ठिपके असतात. इथेच गफलत होते. घसा जिवाणूंमुळे सुजला असे समजून अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातले प्रतिजैविक सुरू केले जाते आणि काही दिवसांत अंगभर लाल पुरळ उठते. मग 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का कागदावर बसतो आणि खरी गरज पडेल तेव्हाही ते औषध टाळले जाते. हे पुरळ म्हणजे कायमची ॲलर्जी असेलच असे नाही, नंतर तपासून घेता येते. घसादुखीसोबत मानेच्या मागे गाठी असतील, तर प्रतिजैविकाआधी रक्त तपासणे शहाणपणाचे. काचपट्टीवर नेहमीपेक्षा मोठ्या, शेजारच्या तांबड्या पेशींना कडेने बिलगलेल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात. मोनोस्पॉट ही या आजारासाठीची झटपट रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात आणि लहान मुलांत फसवू शकते. आपल्याकडे डेंगी, टायफॉइड आणि घटसर्प यांचाही विचार आधी करावा लागतो.

विषाणू मारणारे उपयुक्त औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गिळायला सोपी पेज किंवा मऊ भात आणि तापासाठी पॅरासिटामॉल. यकृतालाही सूज असू शकते, म्हणून डोस ओलांडू नये आणि दारू टाळावी. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा थुंकीही गिळता येईना, तर तडक रुग्णालय गाठावे.

सर्वांत जपायची ती पांथरी, म्हणजे पोटात डावीकडे वर असलेली प्लीहा. या आजारात ती सुजते आणि क्वचित, एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत, फुटते; धक्का न लागताही फुटू शकते. धोका पहिल्या तीन-चार आठवड्यांत जास्त. ताप उतरला, पोरगा हिंडू-फिरू लागला, की घरचे निर्धास्त होतात, पण कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, वजन उचलणे हे किमान तीन-चार आठवडे बंदच ठेवावे आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. पोटात डावीकडे वर अचानक कळ आली आणि ती डाव्या खांद्यात जाणवू लागली, तर एक क्षणही दवडू नये.

ताप सहसा दोन आठवड्यांत जातो, थकवा महिनाभर किंवा त्याहून जास्त रेंगाळतो. तो आळस नव्हे. विषाणू मात्र जन्मभर बी लिम्फोसाइट पेशींत मुक्काम करतो आणि बरे झाल्यावरही कित्येक महिने लाळेत उतरत राहतो. म्हणून रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत कोंडून उपयोग नाही आणि तशी गरजही नाही. पेला, चमचा आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवावा, आणि ताप जाऊन अंगात बळ आले, की शाळा-कॉलेजला जाऊ द्यावे.